पोरीला महिन्याला किती लागतं

बनसोडे वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत श्रीदेवीला सांगितलं होतं, की कोर्टात रडून भागत नाही, आकडा सांगावा लागतो. पोरीला महिन्याला किती लागतं, ते नीट, पावत्यांसकट. सोलापूरच्या नवी पेठेतल्या साड्यांच्या दुकानात श्रीदेवी काउंटरला उभी असायची. कुठल्या गिऱ्हाइकाला कितीची साडी परवडेल, हे बाई चपला काढून आत येईपर्यंत ती ओळखायची. पण स्वतःच्या पोरीचा हिशेब मांडायचा म्हटल्यावर तिची जीभ उचलेना.

पोरगी आठ वर्षांची. नाव सिद्धेश्वरी, घरात सगळे ईश्वरी म्हणायचे. सहाव्या वर्षी तिला साखरेचा आजार निघाला. लहान मुलांना होतो तो, ज्यात गोळ्या चालत नाहीत, जन्मभर इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. दिवसातून चार इंजेक्शनं, आणि प्रत्येक इंजेक्शनाआधी बोट टोचून रक्ताचा थेंब मशीनच्या पट्टीवर. पट्टी एकदा वापरली की फेकायची. इन्सुलिन सरकारी दवाखान्यातून मिळायचं. पट्ट्या बाहेरून घ्याव्या लागायच्या, आणि कंबरडं मोडायचं ते त्या पट्ट्यांनीच.

श्रीदेवीचं सासर मंगळवेढ्याचं. सासरे चनमल्लप्पा यांचं तिथं भुसार दुकान होतं. ज्वारीची आडत, दोन गाळे, दारात स्वतःचा ट्रक. नवरा महेश्वर धाकटा मुलगा. माणूस वाईट नव्हता. फक्त वडील बोलू लागले की त्याची मान आपोआप खाली जायची. पोरीचा आजार निघाला तेव्हा चनमल्लप्पा म्हणाले, आमच्या घराण्यात असलं काही नाही, हे तुमच्याकडून आलंय. पुढं कुणीतरी त्यांना एका झाडपाल्यावाल्याचं नाव सांगितलं. श्रीदेवी दोन दिवस माहेरच्या लग्नाला गेली होती, तेवढ्यात त्यांनी इंजेक्शनं बंद करून नातीला काढा सुरू केला. महेश्वर घरातच होता. तो काही बोलला नाही. श्रीदेवी परतली तेव्हा पोरीच्या तोंडाला नासक्या फळासारखा वास येत होता आणि ती धापा टाकत होती. तशीच उचलून सोलापूरला आणली. अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं, तेव्हा कुठं जगली. त्यानंतर श्रीदेवी मंगळवेढ्याला परत गेली नाही.

ती आईकडं राहू लागली. अंबुबाई कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या ऑर्डरी घ्यायची. दोन खोल्या, त्यातली एक कायम ज्वारीच्या पिठानं पांढरी झालेली. वर्षभर श्रीदेवीनं वाट बघितली, मग पोटगीचा अर्ज केला.

कोर्टात महेश्वरनं प्रतिज्ञापत्र दिलं, की तो वडिलांच्या दुकानात दिवाणजी आहे आणि त्याला नऊ हजार पगार मिळतो. गाळे, घर, ट्रक, सगळं वडिलांच्या नावावर. कागदावर ते खरंच होतं. त्याचा वकील उठून म्हणाला, की अर्जदार बाईंनी खर्च फुगवून सांगितला आहे, दिवसाला चार-चार पट्ट्या लागतात हे पटण्यासारखं नाही, माझ्या स्वतःच्या वडिलांना साखरेचा आजार आहे आणि ते महिन्यातून एकदा तपासतात. श्रीदेवी मागच्या बाकावरून उठून उभी राहिली. बनसोडेबाईंनी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

निकाल लागेपर्यंतची म्हणून तीन हजारांची पोटगी ठरली. बाहेर पॅसेजमध्ये महेश्वर एकटा उभा होता. चनमल्लप्पा पुढं जिन्यापाशी वकिलाशी बोलत होते. श्रीदेवी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला खरंच वाटतं, मी पोरीच्या नावानं पैसे खाते?"

"मला काय वाटतंय, त्याला कोन इचारतंय."

"मी विचारते की. सांगा."

त्यानं जिन्याकडं बघितलं. मग आवाज चढवून, पलीकडं ऐकू जाईल असा, म्हणाला, "माझ्याकडं दे तिला. मी बगतो किती लागतंय ते."

पहिले काही महिने तीन हजार आले. मग थांबले. वकीलबाई म्हणाल्या, वसुलीचा अर्ज करू, तारीख मिळेल. श्रीदेवीनं तारखेची वाट बघत पट्ट्या वाचवायला सुरुवात केली. चारऐवजी तीन, मग दोन. मग सकाळी एकच, आणि बाकी वेळी पोरीच्या तोंडाकडं बघून अंदाजानं. मानेला हात लावून घाम बघायचा. डोळे कसे दिसतात ते बघायचं. चिडचिड करते की गप्प आहे, पाणी फार मागते का, ते बघायचं आणि सुईत इन्सुलिन भरायचं. कमी भरलं तर पोरगी आतून सुकत जाणार, जास्त भरलं तर डोळ्यांदेखत कोसळणार. दुकानात गिऱ्हाइकापुढं साडी उलगडतानाही तिचं लक्ष शेल्फावर ठेवलेल्या मोबाइलवर असायचं.

एक दिवस शाळेतून फोन आला. ईश्वरी प्रार्थनेच्या रांगेत खाली बसली ती उठेना. श्रीदेवी पोहोचली तोवर बाईंनी तिला ग्लुकोज पाजून बसतं केलं होतं. "हिची साखर तपासूनच पाठवत जा की हो," बाई म्हणाल्या. श्रीदेवीनं मान हलवली. घरात एकही पट्टी नव्हती.

येताना ती औषधाच्या दुकानात गेली. दुकानदार ओळखीचा होता, पण मागचं बरंच थकलं होतं. त्यानं हात जोडले. साड्यांच्या दुकानाचे मालक गुरुराज शेठ यांनी आधीच दोन महिन्यांची उचल दिली होती. त्यांनीही नाही म्हणताना चष्मा काढून पुसला. शेवटी अंबुबाईनं भाकरीच्या पिठासाठी ठेवलेले पैसे दिले. त्यात पट्ट्यांची लहान डबी आली. ती डबी हातात घेऊन श्रीदेवी घरी बसून राहिली, आणि मनात एकच वाक्य फिरत राहिलं. माझ्याकडं दे तिला. मी बगतो किती लागतंय ते.

दुसऱ्या दिवशी तिनं पोरीचे कपडे भरले, वर मशीन, इन्सुलिन आणि ती डबी ठेवली.

"आपण पप्पांकडं चाललोय?" एसटीत ईश्वरीनं विचारलं.

"तू चाललीस. थोडे दिवस."

"आणि तू?"

"मला दुकान आहे की."

पोरगी खिडकीतून बाहेर बघू लागली. तिनं हट्ट केला नाही, रडली नाही. तेच श्रीदेवीला सोसेना. मंगळवेढा येईपर्यंत तिनं दोनदा मनाशी ठरवलं, की उतरायचं नाही, त्याच गाडीनं परत फिरायचं. पण घरी जाऊन तरी काय करणार होती? डबी संपली की पुन्हा अंदाज, आणि एखाद्या दिवशी तो अंदाज चुकणार होता.

भुसार दुकानात चनमल्लप्पा गादीवर बसले होते. सुनेला बघून ते आत तोंड करून कानडीत ओरडले, "महेशा, यार बंदार नोडो." कोण आलंय बघ म्हणाले. महेश्वर हात झटकत बाहेर आला. ईश्वरी त्याच्याकडं बघून हसली, आणि तो जागीच थांबला.

"तुम्ही म्हणाला होता ना, माझ्याकडं दे," श्रीदेवी म्हणाली. "दिली. आठ दिवस ठेवा. काय लागतं ते बघा, मग कोर्टात तुम्हीच सांगा. मी त्यातला एक रुपया वाढवून मागणार नाही."

"अगं पन असं अचानक..."

"हिचं जेवायच्या वेळचं इंजेक्शन राहिलंय. या इकडं. तुम्ही द्या, मी बघते."

चनमल्लप्पा उठून ट्रककडं निघून गेले. आतल्या खोलीत महेश्वरनं सुई हातात धरली. दवाखान्यात त्यानं पोरीला मांडीवर धरलं होतं, पण सुई कधी टोचली नव्हती. ईश्वरीनं झगा वर केला. "पप्पा, चिमटीत धरा. भिऊ नका, मला दुखत नाही," ती म्हणाली. त्यानं टोचली. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"आता लगेच ताट वाढायचं," श्रीदेवीनं बजावलं. "इंजेक्शन झाल्यावर थांबायचं नाही. काढा, पाला, काही म्हणजे काही द्यायचं नाही. पोरीची शपथ घ्या."

"न्हाई दिऊ देनार," तो म्हणाला. "शपत."

ती मागं न बघता बाहेर पडली. बघितलं असतं तर पाय निघाला नसता.

एसटी स्टँडवर सोलापूरची गाडी लागलेली होती. श्रीदेवी दारापर्यंत गेली. कंडक्टर म्हणाला, "चला बाई, जागा हाय." तिनं दांडी धरली आणि सोडून दिली. बाकावर येऊन बसली. गाडी सुटली. मग दुसरी आली, तीही गेली. शेजारी एक म्हातारी बाई ऊस सोलून खात बसली होती. तिनं एक कांडं पुढं केलं, श्रीदेवीनं नको म्हटलं. आपण काय करून बसलो, ते आता तिला हळूहळू कळत होतं. ज्या घरात पोरगी मरता मरता वाचली होती, त्याच घरात ती तिला स्वतःच्या हातानं ठेवून आली होती. पैशासाठी. लोक असंच म्हणणार. पोरगी मोठी झाल्यावर तीही म्हणेल.

मोबाइल वाजला. महेश्वर होता.

"श्री, ती घामानं भिजलीय. हातपाय थरथरायल्यात. पट्टी लावली तर मशीन काईच दाखवंना, दुसरी लावली ती पन..."

"जेवली का ती?"

पलीकडून पोती उतरवल्याचा गलका तेवढा आला.

"जेवली का विचारते मी."

"ज्वारीची गाडी आली व्हती. वजन करायचं व्हतं. अप्पा हाका मारायले. म्हनलं धा मिंटात वाढतो..."

श्रीदेवी उठून चालू लागली होती. "शुद्धीवर आहे का? गिळतीय का?"

"हाय. बोलती, पन बोबडं बोलती. साखर कुटं हाय ते मला..."

"दुकानात गुळाच्या ढेपा आहेत ना समोर? फोडा. पाण्यात कालवा आणि घोट घोट पाजा. एकदम ओतू नका."

मग ती पळू लागली. फोन कानाला तसाच होता. त्यातून ढेप फुटल्याचा आवाज आला, भांडं पडल्याचा आवाज आला, महेश्वर "पी गं, पी माझे आई" असं पुनःपुन्हा म्हणत होता. बाजारातली माणसं बाजूला होऊन तिच्याकडं बघत होती. चप्पल कुठं निघाली ते तिला कळलं नाही.

ती दुकानात शिरली तेव्हा ईश्वरी ज्वारीच्या पोत्यांवर टेकून बसली होती. हनुवटीवरून गुळाचं पाणी ओघळलेलं. महेश्वर तिच्यापुढं गुडघ्यांवर होता आणि त्याच्या आजूबाजूला वाया गेलेल्या पट्ट्या विखुरल्या होत्या. चनमल्लप्पा पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते.

श्रीदेवीनं पोरीचं बोट पुसलं, टोचलं, पट्टी लावली. आकडा आला. कमीच होता, पण भीती टळेल इतका चढला होता. तिनं पोरीला भाकरी-दूध चारलं, आणखी एकदा तपासलं, आणि मग ती तिथंच पोत्याला पाठ लावून बसली.

"तू गेली न्हाईस?" महेश्वरनं विचारलं.

"नाही."

"इतका येळ स्टँडवर व्हतीस?"

तिनं पोरीच्या हनुवटीवरचं गुळाचं पाणी पदरानं पुसलं.

"रोज असं हुतंय?"

"रोज नाही होत. पण कधी होईल ते सांगता येत नाही. म्हणून तर पट्ट्या लागतात."

त्यानं मान हलवली. ती पोरीला घेऊन निघाली, तेव्हा स्टँडपर्यंत तिची पिशवी घेऊन तो आला. गाडी सुटायच्या आधी खिशात होते नव्हते तेवढे पैसे त्यानं खिडकीतून आत दिले. श्रीदेवीला वाटलं, सुटलो. माणसाला एकदाचं कळलं.

तीन आठवड्यांनी नोटीस आली. महेश्वरनं मुलीचा ताबा मागितला होता. आईनं आजारी मुलीला बाजारातल्या दुकानात टाकून दिलं, तिला सांभाळण्याची तिची ना ऐपत ना इच्छा, असं त्यात लिहिलं होतं. खाली त्याची सही.

बनसोडेबाईंनी कागद वाचून चष्मा टेबलावर ठेवला. "तुम्ही त्यांच्या हातात आयतं कोलीत दिलंत. मला एक फोन तरी करायचा."

"आता काय होईल?"

"ताबा त्यांच्याकडं गेला की पोटगी द्यायचीच राहत नाही. म्हणून तर केलाय अर्ज."

त्या दिवसापासून ईश्वरी शाळेत गेली की श्रीदेवीला वाटायचं, सासरे आज शाळेतूनच तिला उचलून नेतील. हैदराबादला मावसबहीण होती, तिच्याकडं पळून जावं, असंही मनात येऊन गेलं. अंबुबाई म्हणाली, "पळून जाऊन पट्ट्या स्वस्त मिळतात का तिकडं?" तेव्हा ती खूप दिवसांनी रडली. सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर तिनं बनसोडेबाईंना गाठलं.

"मॅडम, मला पोटगी नको. एक पैसा नको, असं लिहून देते. त्यांना म्हणा, पोरगी तेवढी राहू द्या."

बनसोडेबाई थांबल्या. "त्यांना हेच पाहिजे आहे, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. तरी देते."

"आज नाही. आधी त्याला बोलू द्या."

महेश्वर साक्षीला उभा राहिला. चनमल्लप्पा मागच्या बाकावर, दोन्ही हात काठीवर ठेवून बसले होते. वकिलांची प्रश्नोत्तरं झाल्यावर न्यायाधीशबाईंनी स्वतःच विचारलं.

"आईनं मुलीला टाकून दिलं, असं तुमचं म्हणणं आहे?"

"अर्जात तसं लिवलंय."

"अर्ज मी वाचलाय. तुम्ही सांगा."

तो कठड्याचं लाकूड नखानं खरवडत राहिला. श्रीदेवीनं डोळे मिटून घेतले. हा माणूस काढ्याच्या त्या दोन दिवसांत तोंड उघडून एक शब्द बोलला असता तर कोर्टाची पायरीच चढावी लागली नसती. तो आताही बोलणार नाही, याची तिला खात्री होती.

"टाकली न्हाई, मॅडम," महेश्वर म्हणाला. "स्टँडवर बसली व्हती ती. एक बी गाडी धरली न्हाई. मी फोन केला तवा अनवानी पळत आली. इंजेक्शन मी दिलं व्हतं आन् जेवन द्यायचं मीच इसरलो. ती आली न्हसती तर माझी पोरगी आज..."

"मुलगी तुमच्याकडं दिली तर सांभाळाल?"

"न्हाई जमनार."

मागं काठी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. न्यायाधीशबाईंनी तिकडं एकदा बघितलं.

"मग मुलीला महिन्याला किती लागतं, असं तुम्हाला वाटतं?"

"ती म्हनती तेवडं लागतंय."

"आणि तुमचं खरं उत्पन्न किती?"

श्रीदेवीनं डोळे उघडले. महेश्वरनं वळून मागच्या बाकाकडं बघितलं, मग खाली मान घातली.

"नऊ हजार," तो म्हणाला.

ताब्याचा अर्ज फेटाळला गेला. पोटगीच्या हुकमात लिहिलं होतं, की घरचा व्यवसाय आणि राहणीमान पाहता त्याचं उत्पन्न यापेक्षा बरंच जास्त असावं, असा अंदाज धरावा लागतो. त्या अंदाजानं महिन्याला आठ हजार ठरले, थकलेली रक्कम हप्त्यानं द्यायची, आणि बापानं एक आड एक रविवारी मुलीला भेटायचं. श्रीदेवीनं मागितले होते त्याच्या अर्ध्याहून थोडे जास्त. बनसोडेबाई म्हणाल्या, हातात पुरावा नसताना हे पुष्कळ झालं. चनमल्लप्पा मुलासाठी न थांबता गाडीत बसून निघून गेले. महेश्वर पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभा होता. त्याच्यावरून पुढं जाताना श्रीदेवीला त्याची कीव आली, आणि पुढच्याच पावलाला इतका संताप आला की तिनं कठडा घट्ट धरला.

आठ हजार कधी वेळेवर येतात, कधी महिना उलटून. थकबाकीचा दुसरा हप्ता आलाच नाही, त्यासाठी पुन्हा अर्ज लागलाय. श्रीदेवी दुकानातून आल्यावर साड्यांना फॉल-पिको करते. दिवसाला तीन पट्ट्या जमतात, चौथी आठवड्यातून काही दिवस.

महेश्वर मात्र रविवार चुकवत नाही. अंबुबाईच्या घरात पिठाच्या खोलीत बसतो, पोरीचं बोट टोचतो, आकडा तिलाच वाचायला लावतो. एकदा त्यानं येताना पट्ट्यांच्या दोन डब्या आणल्या. त्या दुसऱ्या कंपनीच्या होत्या, मशीनला बसेनात. उन्हात परत जाऊन त्यानं त्याच कंपनीचं नवं मशीन विकत आणलं. अप्पांना सांगू नको, म्हणाला.

गेल्या रविवारी ईश्वरी शेजारी खेळायला गेली, तेव्हा श्रीदेवीनं विचारलं, "कोर्टात खरं कधी सांगणार तुम्ही?"

"अप्पा हायत तोवर न्हाई जमनार, श्री."

"तोवर हिनं कसं करायचं?"

बाहेरून ईश्वरीची हाक आली, भूक लागली म्हणून. महेश्वर उठला, हात धुतले, आणि इंजेक्शनाची तयारी करू लागला. श्रीदेवी आत गेली आणि आधी ताट वाढून तिनं त्याच्या शेजारी आणून ठेवलं.